मुंबईचा दुसरा काठ

"विष्णुपुरी सोडून कुठंही चालेल, काका," करुणा म्हणाली, आणि मी हातातला कागद चुरगाळून नवा घेतला.

अहमदपूरला एसटी स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. पासपोर्ट फोटोपासून बारशापर्यंत सगळं करतो, पण हल्ली स्टुडिओ चालतो तो प्री-वेडिंगवर. म्हणजे लग्नाच्या आधी नवरा-नवरीला एखाद्या देखण्या जागी न्यायचं आणि सिनेमातल्यासारखे फोटो काढायचे. आमच्या भागात देखणी जागा म्हणजे नांदेडजवळचं विष्णुपुरी धरण. पाणी आहे, मोकळं आभाळ आहे, सूर्य आहे. अहमदपूर ते लोहा या पट्ट्यातल्या निम्म्या नवऱ्यांच्या डोक्यामागे विष्णुपुरीचंच पाणी चमकतंय. त्यातल्या बऱ्याच जणांचा गुन्हेगार मी आहे.

करुणा नांदेडच्या दवाखान्यात नर्स. तिचा होणारा नवरा सुमेध लोह्याच्या शाळेत भूगोल शिकवतो. हे भूगोलाचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. लग्न बारा दिवसांवर आलेलं. करुणाला मुंबई हवी होती. समुद्र, पाण्यावर टेकलेला सूर्य, आणि त्याच्यापुढे ती दोघं. असा एकच मोठा फोटो तिला मंगल कार्यालयाच्या दारात लावायचा होता. सोबत सुमेध आणि तिचे वडील भीमरावदादा बसले होते. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर.

"लगनाच्या आधी फोटो कशाला, हे मला अजून कळून न्हाई राहिलं," ते म्हणाले. "पण साळवे, एक सांगतो. माझी लेक कधी कायीच मागत न्हाई. दहावीला पयली आली तवा विचारलं, काय पायजे? म्हनली, कायी नको. आता हे एक मागितलंय. तुमी ते नीट करा."

"शंभर टक्के," मी म्हणालो. धंद्यात हे दोन शब्द तोंडातून फार लवकर बाहेर पडतात.

शूटच्या आधी मी एक तक्ता करतो. चार रकाने: जागा, वेळ, उजेड, कपडे. त्यात उजेडाचा रकाना महत्त्वाचा. सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी असेल तर समोरच्यांचे चेहरे उजळतात. सूर्य त्यांच्या पाठीशी असेल तर माणसं काळ्या सावलीसारखी दिसतात, नुसत्या कडा चमकतात. याला आम्ही सिल्हूट म्हणतो. करुणाला हवा होता तो हाच. मी तक्त्यात लिहिलं: मरीन ड्राइव्ह, शनिवारी संध्याकाळी सव्वासहा, सूर्य पाण्यावर, निळी साडी.

भीमरावदादांनी चष्मा चढवून कागद वाचला.

"संध्याकाळी? तिथं जत्रा आसती म्हनतेत. एवढ्या मानसांम्होरं माझी लेक जावयाचा हात धरून हुभी ऱ्हानार? न्हाई जमायचं."

"दादा, मुंबईत कोणी बघत नाही."

"मी बघतो की."

विषय संपला. करुणानं मान खाली घातली, पण हसत होती. मग ठरलं, मरीन ड्राइव्हला रविवारी पहाटे जायचं. गर्दी नाही, दादांची हरकत नाही. दुपारच्या गाडीनं परतायचं, कारण सोमवारी सकाळी करुणाची ड्यूटी. म्हणजे दुसरा चान्स नव्हता.

मी खोडरबरनं फक्त वेळ पुसली. संध्याकाळच्या सव्वासहाच्या जागी सकाळचे सात तेरा लिहिले. ही वेळ मोबाइलमधल्या ॲपवर बघितली होती. त्याच ॲपमध्ये सूर्य कुठल्या दिशेला उगवणार त्याचा बाणही असतो. तो मी बघितला नाही. उजेडाचा रकाना होता तसाच राहिला, सूर्य पाण्यावर. अठ्ठावीस वर्षांची सवय. विष्णुपुरीला मी पाण्यावरचा सूर्य सकाळीही घेतो आणि संध्याकाळीही. सकाळी या काठाला उभं राहायचं, संध्याकाळी त्या काठाला. मुंबईला मी तोवर चारदा गेलो होतो, चारही वेळा सहा डिसेंबरला. रांगेतून समुद्र बघितला होता, पण त्या दिवशी माणूस सूर्याची दिशा बघायला जात नाही.

"येकवीस वर्सं रातराणी नेली मुंबईला," भीमरावदादा सांगू लागले. "सकाळी शिरताना सूर्य आरशात आसायचा. डोळ्यावर न्हाई यायचा. लई बरं वाटायचं."

"असं का," मी म्हणालो आणि बॅटऱ्या किती न्यायच्या ते लिहू लागलो.

सुमेधनं तक्ता हातात घेतला. बराच वेळ बघितला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सासऱ्यांकडे नजर गेली, आणि त्यानं चहाचा कप तोंडाला लावला. मला वाटलं, पोरगा लाजतोय.

शनिवारी सकाळी आम्ही चौघं मुंबईत उतरलो. स्टेशनच्या जुन्या इमारतीसमोर, एका दगडी कमानीखाली, झाडांच्या रस्त्यावर असे फोटो घेतले. भीमरावदादा प्रत्येक ठिकाणी दहा पावलांवर हात मागे बांधून उभे. सुमेधनं करुणाचा हात धरला की ते दुसरीकडे बघायचे आणि सोडला की परत इकडे. संध्याकाळी चेंबूरला करुणाच्या मावशीकडे गेलो. मावशीनं एवढं जेवायला घातलं की मला पहाटे उठण्याची काळजी वाटू लागली.

रविवारी साडेसहाला आम्ही मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी होतो. धावणारी चार माणसं सोडली तर रस्ता रिकामा. करुणा निळ्या साडीत, सुमेध पांढऱ्या शर्टात. मी दोघांना समुद्राकडे पाठ करून उभं केलं, कॅमेरा लावला, सेटिंग केलं.

"आता आभाळ लाल व्हायला लागेल," मी म्हणालो. "माझ्याकडे लक्ष ठेवा. सूर्य वर यायला दोन मिनिटं लागतात, हललात तर गेलं."

आम्ही थांबलो. समुद्र राखाडी होता. त्याच्यावरचं आभाळही राखाडी. वीस मिनिटं झाली असतील, तरी राखाडीच. मी लेन्स पुसली. धुकं असेल म्हणून स्वतःची समजूत घातली. भीमरावदादा मात्र समुद्राकडे पाठ करून, रस्त्यापलीकडच्या इमारतींकडे बघत उभे होते.

"दादा, इकडं बघा," मी हाक मारली. "सूर्य इकडून यायचाय."

"न्हाई हो साळवे," ते शांतपणे म्हणाले. "सूर्य आरशात हाय."

मी वळलो. इमारतींच्या मागचं आभाळ गुलाबी झालं होतं.

धरणाला दोन काठ असतात, समुद्राला एकच. आणि मुंबईचा समुद्र पश्चिमेला आहे, हे चौथीतलं पोरगंही सांगेल. संध्याकाळचा प्लॅन मी सकाळी आणून ठेवला होता आणि सूर्यानं माझं ऐकावं अशी अपेक्षा करत होतो. लाज वाटली, खरंच वाटली. गावातली कालची पोरं ड्रोन घेऊन फिरतात, त्यांना मी उजेड शिकवतो.

करुणाला सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असू द्या काका. बिनसूर्याचा घ्या. कायी नको मला." आणि साडीचा पदर उगाच नीट करत बसली. ते 'कायी नको' ऐकलं आणि भीमरावदादांचा चेहरा उतरला.

"सर, मला त्या दिवशीच शंका आली होती," सुमेध हळूच म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"आईनं सांगितलं होतं, सासऱ्यांसमोर शहाणपणा करू नको म्हणून. शिवाय मला वाटलं, फोटोग्राफीत काही ट्रिक असेल."

भीमरावदादा त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"जावाई, भूगोल शिकविता न्हवं?"

"हो."

"मंग आता करा शहाणपना. मी गाडी आनायचो तवा वाशीच्या पुलाखाली पानी आसायचं अन् सूर्य मागं आरशात. म्हंजी सूर्याच्या अंगालाबी पानी हाय. खरं का खोटं?"

सुमेधला शाळेतला आवाज फुटला. "खरंय! मुंबई चिंचोळी आहे, दोन्हीकडे पाणी आहे. पूर्वेला खाडी आणि बंदर. गेटवे! गेटवेचं तोंड पूर्वेलाच आहे!"

"किती लांब?"

"दहा-पंधरा मिनिटं. आज रविवार आहे."

मी घड्याळ बघितलं. सात वाजायला सात मिनिटं. कळसा काखेतच होता, आणि मी गावाला वळसा घालून आलो होतो. एकवीस वर्षांचा कळसा चहा पीत माझ्यासमोर बसला होता आणि मी बॅटऱ्या मोजत होतो.

टॅक्सी पळाली. भीमरावदादा पुढे बसले आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्याला अहमदपूरच्या भाषेत गिअर कधी बदलायचा ते सांगू लागले. तो बिचारा 'हां चाचा, हां चाचा' करत होता. मागे करुणा साडीच्या निऱ्या सांभाळत होती आणि सुमेध न विचारता खाडी म्हणजे काय ते समजावत होता. मी म्हटलं, बोल बाबा, आता बोल.

सात वाजून सात मिनिटांनी आम्ही गेटवेच्या बाजूच्या कठड्यापाशी पोचलो. पाण्यात होड्या उभ्या होत्या. पलीकडे डोंगरांची पुसट रेघ, तिच्या वरती आभाळ केशरी. मी ट्रायपॉड उघडला, म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई. लगेच एक हवालदार आला.

"तिपाई नाही लावायची."

"साहेब, सहा मिनिटं. सूर्य येतोय."

"सूर्याला येऊ द्या. तिपाई घडी करा, हातात कॅमेरा घेऊन काढा."

मुकाट्यानं घडी केली. दोघांना कठड्यापाशी उभं केलं आणि मी गुडघ्यावर बसलो. कॅमेरा हलू नये म्हणून कोपर मांडीवर टेकवलं. धुक्यातून सूर्य निघाला, पिकल्या टोमॅटोसारखा लाल आणि गोल. पाण्यावर त्याचा पट्टा थेट आमच्यापर्यंत आला. मी बटण दाबायला सुरुवात केली आणि भीमरावदादा फ्रेममध्ये शिरले.

फ्रेममध्ये म्हणजे अगदी मध्ये. चालत कठड्यापर्यंत गेले आणि हात मागे बांधून सूर्याकडे बघत उभे राहिले. मागून त्यांची ती ड्रायव्हरी, थोडी डावीकडे झुकलेली पाठ.

"दादा, बाजूला व्हा! फोटो चाललाय!"

त्यांनी ऐकलं नाही. स्वतःशीच बोलले, पण मला ऐकू आलं. "येकवीस वर्सं आरशात बघितला. आज म्होरं आला."

करुणानं माझ्याकडे बघून मान हलवली. राहू द्या, असं. मी राहू दिलं, बटण दाबत राहिलो. एरवी मी कामात रडत नाही, पण डोळ्याला लावलेला व्ह्यूफाइंडर ओला झाला होता. मिनिटभरानं दादा भानावर आले, "आरं, मी मधीच हाय की," म्हणत बाजूला झाले. मग मी दोघांचा सिल्हूट घेतला. कडा लखलखीत, सूर्य दोघांच्या बरोबर मधोमध, एकही पक्षी आडवा नाही. अठ्ठावीस वर्षांतला माझा सगळ्यात स्वच्छ फोटो.

अहमदपूरला आल्यावर करुणाला शंभरेक फोटो दाखवले. तिनं तो स्वच्छ फोटो बघितला, छान म्हणाली आणि पुढे गेली. मग बोट ठेवलं, तिघांवर. सुमेध, ती, आणि मध्ये पाठमोरे भीमरावदादा.

"करुणा, याची फ्रेम बिघडलीय. दारात लावायला हा नको."

"काका, मला हाच पाहिजे," ती म्हणाली. असं ठामपणे काही मागताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. वाद घातला नाही.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या दारात तो फोटो लावला. भीमरावदादा सकाळी आले, बघितला, आणि माझ्यावर उखडले. "माझी पाठ कामून लावली हो दारात?" पण त्यानंतर ते तिथून हलले नाहीत. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा करुणाला त्यांना बोलवायला माणूस पाठवावा लागला.

पाहुणे येत होते, फोटोसमोर थांबत होते. लोह्याकडचे एक काका मान वाकडी करून म्हणाले, "झ्याक आलाय. विष्णुपुरीलाच काढला न्हवं?"

"मुंबई हाय," भीमरावदादा म्हणाले. "पूर्वेचा काठ."

दिवसभरात तो प्रश्न त्यांना बऱ्याच जणांनी विचारला असावा. दर वेळी त्यांनी तेवढ्याच आनंदानं उत्तर दिलं, आणि पुढे वाशीचा पूलही सांगितला.

माझ्या तक्त्यात आता पाचवा रकाना आहे: सोबत येणारे काय म्हणाले. तो मी बाकीच्या चार रकान्यांच्या आधी भरतो. आणि नवरामुलगा चहा पिताना गप्प झाला, की त्याच्या सासऱ्याला जरा वेळ बाहेर पाठवतो.