उणे आकडा आणि आबांची विहीर

आम्ही जळगावात पंपाच्या पेट्या बनवतो. विहिरीतला सेन्सर पाण्याची पातळी सांगतो, पाणी पुरेसं असलं की पेटी पंप आपोआप सुरू करते. पेटीतला कर्नल, म्हणजे सगळ्यात तळचा प्रोग्राम, माझ्याकडे. त्या दिवशी त्यावर टाइप तपासणारं टूल पहिल्यांदाच चालवलं. प्रोग्राम न चालवताच हे टूल सांगतं, कुठला आकडा भलत्या जागी भरलाय ते. इशारेच इशारे! कटकट नुसती, म्हणत एकेक बघत होते आणि एका ओळीवर थांबले.

सेन्सर तुटला किंवा त्याची तार निघाली की उणे आकडा येतो. आमच्याकडे तो ज्या जागेत जात होता, तिथे उणे मावतच नाही. तिथे त्याचा अवाढव्य अधिक आकडा होतो. म्हणजे पेटीला वाटणार, विहीर काठोकाठ भरली. आणि पंप सुरू!

आमच्या धुळ्याकडच्या गावात विहिरीत उतरताना मेन स्विच कोण पाडतो? स्टार्टरची खोली लांब बांधावर. त्यापेक्षा सेन्सरची तार उपटायची. तार काढली की पेटी झोपली, असं सगळ्यांचं म्हणणं. माझे काका, म्हणजे आबा, तेही तसलेच. पेटी नवीन, मीच हौसेनं बसवून दिलेली. आणि सकाळीच आबा फोनवर म्हणाले होते, पंपात गाळ अडकलाय, आज उतरतो.

आबांचा फोन लागेना. काकूला लावला, तिला मी अक्का म्हणते.

"अक्का, आबा कुठे आहेत?"

"हिरीमा उतरेल शेतस. तार काढी लिधी ना, मंग काय भ्याव?"

"लाइट आहे का?"

"नही, आते येवाव शे." म्हणजे लाइट आता येणारच होती.

"अक्का, पळ! मेन पाड आधी!"

ती पळत सुटली. फोन हातातच, मला नुसता तिचा दम ऐकू येत होता. माय वं, जन्मात इतकी घाबरले नव्हते मी! मग खट्ट झालं.

"पाडी दिधा," ती धापा टाकत म्हणाली. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातला पंप घरघरला. लाइट आली होती.

मी ऑफिसात सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. मग डोळे पुसले आणि आमच्या पेट्या बसवलेल्या बाकीच्या विहिरींवर फोन लावायला बसले. पहिला फैजपूरला लावला. रिंग जात राहिली, कोणी उचलेना.