मनातला शर्ट

सिद्धलिंगप्पा हे सोलापुरातल्या एका गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर. तीस वर्षांचा सराव, पण राग नाकाच्या शेंड्यावर. गेल्या वर्षी फोनवर भावाशी भांडता भांडता त्यांनी कापायचं मशीन चालवलं आणि कापडाच्या साठ थरांच्या गठ्ठ्यातल्या सगळ्या बाह्या आखूड कापल्या. मालक ईरप्पांनी एक बाही उचलून स्वतःच्या हाताला लावून पाहिली आणि न बोलता खाली ठेवली. ते न बोलणंच मास्तरांना लागलं. घरी येऊन ते जेवलेही नाहीत.

"हाताला लई शिकवलं तुमी," बायको बसव्वा म्हणाली, "आता जरा डोक्याला शिकवा की."

सून दानेश्वरी प्राथमिक शाळेत शिक्षिका. वर्ग सुरू होण्याआधी ती मुलांना पाच मिनिटं डोळे मिटून एकाच गोष्टीवर मन ठेवायला लावायची. तिनं सासऱ्यांनाही तसंच काही सुचवलं.

"मामा, रोज सकाळी मनातल्या मनात एक शर्ट कापायचा. पाठ, पुढा, बाही, कॉलर. मन भरकटलं की पुन्हा पाठीपासून. पण स्वतःवर चिडायचं नाही."

सुरुवातीला गाडी बाहीपुढं सरकेना. तिथं आलं की भाऊ आठवायचा.

"आज कुटवर?" बसव्वा चहा देताना विचारायची.

"बाहीच."

दोन महिन्यांनी एका सकाळी ते एकदम ओरडले, "झाला! बटणपट्टीसकट झाला!"

कारखान्यातही त्यांनी नेम केला. राग आला की आधी मशीन बंद, मग तोंड उघडायचं. दोन-तीनदा नेम मोडला. एरवी मशीन थांबेपर्यंत बोलण्यासारखं फारसं उरत नसे.

यंदा शाळा उघडायला आठवडा असताना आलेल्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, दोन इंच कमी निघाला. शर्टाच्या तुकड्यांचे कागदी फर्मे त्यावर काही केल्या बसेनात. ईरप्पा फोनवर व्यापाऱ्याला झापत होते. मास्तर मात्र खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मनातल्या टेबलावर तुकडे फिरवू लागले. बाही उलटी ठेवली, तर शेजारी चिंचोळी जागा सुटत होती. खांद्याच्या आतली पट्टी तिथं अखंड मावत नव्हती. दोन तुकड्यांत मावत होती.

"मालक, आतल्या पट्टीला मधे एक शिलाई येईल. बाहेरून दिसणार न्हाय. चालेल?"

ईरप्पांनी फोन ठेवला. फर्मे तसे मांडून पाहिले, तर सगळे नीट मावले.

"मास्तर, हे सुचलं कसं?"

"गप बसलो म्हणून," सिद्धलिंगप्पा हसले.

गणवेश वेळेत गेले. आता संध्याकाळी मास्तर उरलेल्या कातरणांची लहान मुलांना बसायला निरनिराळ्या आकारांची बसकरं शिवतात. मासा झाला, पतंग झाला. सध्या हत्ती चाललाय. सोंड काही जमत नाही. आठ दिवस झाले, मास्तर ती उसवतायत, पुन्हा लावतायत, आणि हे सगळं गुणगुणत.