निळ्या क्रेटांचा फेरा

साताऱ्यातल्या ज्या कारखान्यात मी उत्पादन नियोजनाचं काम करते, तिथे गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये बसणारे दांडे तयार होतात. दांडा दिसायला लाटण्यासारखा. पण अंगानं आरशासारखा गुळगुळीत, आणि त्यावर नखानं ओढल्याइतका ओरखडा दिसला तरी पुण्याकडचे गाडीवाले तो परत पाठवतात. कोणता दांडा कोणत्या दिवशी कोणत्या मशीनवर निघेल, पोलाद कधी येईल, माल कधी जाईल हे आधी कागदावर मांडायचं आणि मग ते तसं का झालं नाही याची कारणं द्यायची, हे माझं काम. पगार दुसऱ्या भागाचा मिळतो असं माझं मत आहे.

मध्यंतरी गाडीवाल्यांनी आम्हा सगळ्या पुरवठादारांना कळवलं, की यापुढे उत्पादनाचं नियोजन शाश्वत हवं. वीज कमी, पाणी कमी, कचरा कमी. शब्द मोठा होता, पण मुद्दा मला पटला होता. आमचे दांडे पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जायचे, आणि खोकं तिकडे एकदा उघडलं की त्याचं आयुष्य संपलं. तिकडच्या आवारात आमच्याच खोक्यांचा पावसात भिजून लगदा झालेला ढीग मी पाहिला होता. म्हणून निळ्या प्लॅस्टिक क्रेटांचा आराखडा मीच मांडला. क्रेट भरून जातील, रिकामे परत येतील, पुन्हा भरतील. वर्षानुवर्षं.

गणपतीच्या सुमारास पहिल्या क्रेटांचं उद्घाटन झालं. क्रेटांना झेंडूचे हार घातले. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी धरणीमातेच्या ऋणावर भाषण केलं आणि मधेमधे प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीतून पाणी पिऊन बाटली तशीच अर्धी सोडली, मग दुसरी उघडली. मागे हिरव्या पानांचा भलामोठा फ्लेक्स होता. तो आठवड्याभरात आमच्या गेटवरच्या सुभेदारांच्या गोठ्यावर ताणला गेला. सगळ्या कार्यक्रमातली लगेच पुन्हा वापरात आलेली वस्तू तेवढीच. सुभेदार म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले, कोरेगाव तालुक्यातले गृहस्थ. आमच्या गेटची आणि आवाराची सगळी सत्ता त्यांच्याकडे.

त्या आराखड्यात एक गोष्ट मात्र कुठेच नव्हती. ती पलूसमध्ये होती.

पलूस माझं माहेर. आमची खोकी तिथल्याच एका छोट्या कारखान्यात बनायची. मालक जैन, वयानं साठीकडे झुकलेले, सगळा गाव त्यांना अण्णा म्हणतो. द्राक्षाच्या हंगामात त्यांच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. उरलेलं वर्ष दहाबारा बायका आमची खोकी दुमडतात, शिवतात, आत कप्पे बसवतात. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. उद्घाटनाच्या आधीच मी त्यांना खोकी बंद होणार हे सांगायला गेले होते.

"ताई, फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं," अण्णा म्हणाले.

"फोनवर बरं दिसत नाही."

"समोर तरी कुठं बरं दिसतंय?" त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. प्लॅस्टिक आणायचं आणि निसर्ग वाचवायचा, एवढं मला जरा समजावून द्या."

मी समजावलं. एक खोकं एक खेप, एक क्रेट शेकडो खेपा. लगद्याचा ढीगही सांगितला. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "हेच वाईट झालं. चुकीचं असतं तर भांडलो असतो."

खोकी शिवणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी जागेवरूनच म्हणाल्या, "आवं ताई, तुमच्या गाड्या आता खोक्याबिगर पळणार व्हय?"

"पळतील, मावशी."

"आन आमी?"

ठरलं ते एवढंच, की क्रेट हळूहळू वाढवायचे आणि द्राक्षं सुरू होईपर्यंत खोकी थोडीथोडी घेत राहायची. द्राक्षाच्या पेट्यांचं काम संपलं, की त्यापुढे या बायकांसाठी काहीच नव्हतं. निघताना अण्णांच्या पत्नी घरातून आल्या आणि त्यांनी बेदाण्यांनी गच्च भरलेला स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. मी नको म्हटलं. "माहेरवाशीण आहेस," त्या म्हणाल्या. "ते धंद्याचं धंद्यात."

बेदाणे संपले. डबा माझ्या ओट्यावर राहिला. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. साताऱ्याहून न्यायला पेढ्यांइतकी सोपी गोष्ट नाही. पण ज्यांच्याकडचं काम आपण काढून घेतलं, त्यांच्या घरी पेढे घेऊन जाणं मला जमेना. डबा घासून पालथा घातलेला असायचा आणि मी चहा करताना त्याच्याकडे बघायचं टाळायचे.

इकडे क्रेटांनी त्यांचे गुण दाखवायला सुरुवात केली. दांडे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून क्रेटच्या आत प्लॅस्टिकचे पातळ कप्पे होते. ते घाटातल्या हादऱ्यांनी तडकायचे आणि तडकलेली कड दांड्याला ओरबाडायची. ओरखडा पडलेला दांडा पुन्हा भट्टीत वितळवायला जातो. म्हणजे पुठ्ठा वाचवून आम्ही तयार पोलाद वितळवत होतो. हे कुठल्याही फ्लेक्सवर छापता येण्यासारखं नव्हतं.

त्यातच क्रेट कमी पडू लागले. डिसेंबरात एका दुपारी तयार दांडे ट्रेमध्ये पडून आणि भरायला क्रेट नाही म्हणून मशीन थांबली. गाडीवाल्यांकडचा हिशेब जुळत होता. क्रेट आमच्याच आवारातून गायब होत होते. त्याच आठवड्यात कोरेगावच्या बाजारात मी आलं घ्यायला वाकले, तर आलं आमच्या क्रेटमध्ये. कोपऱ्यावरची आमची पांढरी खूणसुद्धा तशीच. पुढे घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन पाचगणीला गेले, तर रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकणाऱ्या बाईपुढेही आमचा निळा क्रेट. आम्हाला तिकडे राहायला जागा मिळत नव्हती, तो मजेत होता.

आमच्या कारखान्याच्या साहेबांनी पोलिसांत जायचं ठरवलं. सुभेदारांना बोलावलं. ते ताठ उभे राहिले.

"चोरी न्हाई साहेब. मागून नेल्यात."

"कुणाला मागून?"

"मला."

साहेबांनी हातातला फोन टेबलावर ठेवला.

"कुणाच्या घरी लगीन, कुणाची जत्रा, कुणाचा माल निघालेला," सुभेदार म्हणाले. "भांडी न्यायला लय चांगला पडतोय तो. आन तुमीच तर हार घालून सांगितलं हुतं साहेब, ह्यो परत येनारा क्रेट हाय. मी म्हनलं, परत येनारच हाय तर जाऊंद्या."

"ते परत येणं वेगळं!"

"येतील की. आपलीच मानसं हायती."

पोलिसांचा विषय तिथेच थांबला. सुभेदारांनी शिफ्ट बदलताना गेटवर उभं राहून सांगितलं, की ज्यानं ज्यानं क्रेट नेलाय त्यानं सोमवारी आणावा, कुणाला कुणी काही विचारणार नाही. पलटणीतला आवाज. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

सोमवारी सकाळी मी गेटवर पोचले, तेव्हा सुभेदारांनी क्रेट रांगेत लावून घेतले होते. मोटारसायकलवर, टेम्पोत, डोक्यावर, जसे जमतील तसे येत होते. आणि एकही रिकामा नव्हता. एकात आलं, एकात भुईमुगाच्या शेंगा, एकात गुळाची ढेप, एकात घेवडा. एका क्रेटमध्ये जत्रेचे लाडू वर्तमानपत्रात गुंडाळून. एक क्रेट हळदीनं आतून पिवळाधमक झालेला आणि तळाला अपराध्यासारखी पाच हळकुंडं.

"हे काय आहे?" साहेब गाडीतून उतरत म्हणाले.

"रिकामं कसं द्यायचं साहेब? लोकाचं हाय," एक कामगार म्हणाला.

"पण इतके दिवस का लावलेत?"

त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "गुऱ्हाळ सुरू व्हायची वाट बघत हुतो."

मी क्रेट फिरायला किती दिवस लागतील ते मांडताना घाटातली वाहतूक धरली होती, सणाच्या सुट्ट्या धरल्या होत्या. ऊस कधी तयार होतो ते धरलं नव्हतं. साहेबांनी रांगेवरून एकदा नजर फिरवली, लाडवाचा एक तुकडा तोंडात टाकला आणि आत निघून गेले. त्या दिवशी कॅन्टीनला घेवड्याची उसळ होती.

शेवटी कोरेगावच्याही पलीकडून एक जण आला. त्याच्या क्रेटमध्ये काकवीच्या काचेच्या बाटल्या उभ्या होत्या. रस्ता कसला आहे ते मला माहीत होतं. त्या रस्त्यानं मोटारसायकलवरून येताना माणसाचे दात वाजतात. बाटल्यांना काही झालं नव्हतं. कारण आत पुठ्ठ्याच्या पट्ट्या आडव्याउभ्या एकमेकींत अडकवून घरं केलेली होती, आणि एका पट्टीवर बाण होता, खाली छापलेलं होतं: 'ही बाजू वर'. आमचंच जुनं खोकं.

"कुणी केलं हे?"

"बायकूनं. बाटल्या वाजत हुत्या."

अण्णांच्या कारखान्यातल्या बायका खोक्यांच्या आत वर्षानुवर्षं नेमके असेच कप्पे बसवत आल्या होत्या. मी खोकी बंद केली आणि त्यांच्याबरोबर आतला कप्पाही बंद केला, तो प्लॅस्टिकचा घेतला, कारण क्रेट प्लॅस्टिकचा होता. एवढंच कारण. मी ते कधी कुठे लिहिलंही नव्हतं.

स्टोअरमधल्या जुन्या खोक्यांतून आम्ही थोडे कप्पे कापून घेतले आणि काही क्रेट तसे भरून पाठवले. दांडे बिनओरखड्याचे पोचले. कप्पे क्रेटमध्येच परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. मऊ पडेपर्यंत चालले. साहेबांना दाखवले.

"पुठ्ठा? ज्याला आपण निरोप दिला तोच?"

"निरोप खोक्याला दिला होता, साहेब. हा कप्पा आहे. फाटला की रद्दीत जातो, आणि दांडा भट्टीत जात नाही."

ते पट्ट्या उलटसुलट करून बघत बसले. मग म्हणाले, "सहा महिने करून बघा." आणि जरा थांबून, "उद्घाटन नको."

द्राक्षं संपत आली तेव्हा मी पलूसला गेले. जाताना तो डबा घेतला. अण्णांच्या कारखान्यात शेवटच्या पेट्या शिवल्या जात होत्या आणि कापणीतून उरलेल्या पट्ट्यांचा ढीग रद्दीवाल्यासाठी कोपऱ्यात बांधून ठेवला होता. मी अण्णांच्या हातात डबा दिला. त्यांनी वजनाचा अंदाज घेतला, झाकण उघडलं. आत आमच्या तडकलेल्या प्लॅस्टिकच्या कप्प्याचा एक तुकडा होता.

"ताई, साताऱ्याचे पेढे असे असतात होय?"

"पुठ्ठ्याचा करून द्याल का? असाच. क्रेटच्या मापाचा."

त्यांनी तो तुकडा उजेडाकडे धरला, तडकलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेले आणि द्राक्षाच्या पेटीची उरलेली पट्टी त्याच्यावर ठेवून पाहिली. रुंदी पुरून उरत होती.

मी आधीच सांगून टाकलं, की हे काम खोक्यांइतकं नाही. सध्या सहा महिन्यांचं ठरलंय, आणि सगळ्याजणींना दिवसभर पुरेल एवढं होणार नाही.

"मग किती जणी ठेवू?" अण्णांनी हे मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही.

मावशींनी सुतळी दातानं तोडली. "किती जणी काय किती जणी? समद्या येतो, अर्धा दिस बसतो. दुपारच्याला ज्येला त्येला शेताची कामं हायतीच."

"अर्ध्या दिवसाला जमंल का?" अण्णांनी विचारलं.

"जमवायचं. न्हाईतर आख्खा दिस घरात बसून काय जमणार हाय?" मग माझ्याकडे वळून, "आन ताई, पुढच्या खेपंला नीट बघून या. सहा म्हयन्यांनी आणिक कायतरी प्लाश्टिकचं आणशीला."

मी वचन दिलं नाही. नियोजनवाल्यांनी वचनं देऊ नयेत. पण सहा महिन्यांनंतरच्या आराखड्यात आता पलूस आहे. ते मी माझ्या हातानं घातलं आहे, आणि ते काढायचं झालं तर मलाच काढावं लागेल.

निघताना अण्णांच्या पत्नींनी डबा आत नेला. मला वाटलं, धुऊन ठेवतील. त्या नव्या हंगामाच्या बेदाण्यांनी तो भरूनच बाहेर आल्या. मी काही म्हणायच्या आत झाकण लावून झालं होतं.

आता तो पुन्हा माझ्या ओट्यावर आहे. बेदाणे निम्मे झालेत. काल आमच्या घरात विचारणा झाली, "या वेळी यात काय भरून देणार?"

"बघू," मी म्हटलं. "पेढे बहुतेक."