स्टेजवरचे आम्ही आणि स्पेनच्या बायका

महिला मेळाव्यासाठी टॉवेल-टोप्या विकत घेणारा माणूस आमच्या लोहारा तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. तो मान माझा. सत्कार कुणाचा म्हणून दुकानदारानं विचारलं, मी महिला मेळावा म्हणून सांगितलं, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानं निमूटपणे टोप्या मोजून दिल्या.

माझी मुलगी पुण्यात स्पॅनिश शिकवते. तिनं मैत्रिणींना घेऊन तिकडच्या काही लघुपटांना मराठी ओळी जोडल्या होत्या, पडद्याच्या तळाशी वाचता येतील अशा. स्पेनमध्ये हुकूमशाही असताना बाईच्या हक्कासाठी भांडलेल्या पहिल्यावहिल्या बायका; कुणी वकील, कुणी शिक्षिका, एकेकीवर एकेक लघुपट. ही गोष्ट मी आमच्या सरपंचबाईंच्या कानावर घातली.

सरपंचबाई कागदावर सरपंच. गावात 'सरपंच' अशी हाक मारली की ओ त्यांचे मालक देत. ग्रामसभेतही खुर्चीवर मालक आणि बाई खाली सतरंजीवर, पदर सावरून. माणूस वाईट नव्हे, माझा रोजचा चहाचा सोबती. पण सवय लागून गेली होती. त्याला, गावाला आणि खरं सांगायचं तर मलाही.

बाई म्हणाल्या, "सर, शनवारी ग्रामसभा हाय. या बारीला खुर्चीत म्या बसणार. पर एकटी बसले तर हसतेत लोकं. बाया संगं आल्या पायजेत. तुमचे पिच्चर शुक्रवारी दाखवा."

म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. एवढा भरवसा माझ्या बायकोनंही आजवर टाकलेला नाही, आणि तिची कारणं रास्त आहेत.

मी कंबर कसली. सास्तूरहून मोटारसायकलवर प्रोजेक्टर आणला. समाजमंदिरात पांढरा पडदा ताणून बांधला. आख्खी नोकरी शाळेतले कार्यक्रम पार पाडण्यात गेलेली, त्यामुळं स्टेज दिसलं की माझे हात आपोआप खुर्च्या मांडतात. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती. सगळे पुरुष. मधोमध सरपंचबाईंचे मालक, त्यांना खेटून मी. बाया खाली. नारळ फुटला, टॉवेल-टोप्या झाल्या, नारीशक्तीवर प्रत्येकजण इतकं बोलला की पुढच्या ओळीतल्या लेकरांना झोप लागली.

मग दिवे मालवले. पण स्टेजवरून कोणी उतरेना. आमच्याकडं सत्कार झालेला माणूस कार्यक्रम संपेपर्यंत खाली उतरत नाही. आम्ही खुर्च्या तेवढ्या पडद्याकडं फिरवल्या आणि तिथंच पिच्चर बघत बसलो.

पहिला लघुपट वकीलबाईंचा. त्यांचं तोंड हलत होतं आणि तळाच्या मराठी ओळी नेमक्या आमच्या टोप्यांवर उमटत होत्या. खाली चुळबुळ सुरू झाली. आता कार्यक्रम वाचवायचा तर मीच, असं वाटून मी माईक उचलला. चष्मा घरी राहिलेला. अंदाजानं सांगत सुटलो, "या बाई साहेबांना नम्रपणे विनंती करत आहेत."

नेमकं तेव्हाच बाईंनी साहेबाच्या टेबलावर मूठ आपटली.

तेरखेड्याच्या फटाक्यांची लड पेटावी तसं समाजमंदिर हसून फुटलं. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, असली विनंती मला बी शिकवा. सासूला करायची हाय."

त्या हसण्यातच सरपंचबाई उठल्या. एरवी त्यांचा आवाज चुलीपलीकडं जात नाही, असं आम्ही समजून चाललो होतो.

"अहो, खाली या," त्या मालकांना म्हणाल्या. "तुमची सावली त्या बाईच्या तोंडावर पडायलीय."

मालकांनी पडद्याकडं निरखून पाहिलं. खरंच, त्यांच्या टोपीचं टोक वकीलबाईंच्या हनुवटीत घुसलं होतं. ते ओशाळं हसले, टॉवेल सावरला आणि उतरले. मागोमाग अध्यक्ष, उद्घाटक, विशेष उपस्थिती. मी माईकसह तसाच उभा.

"सर, तुमी बी या," सरपंचबाई म्हणाल्या. "माईक ठिवा. आमाला वाचता येतंय."

लघुपट पुन्हा पहिल्यापासून लागला. वाचता न येणारीला शेजारीण वाचून दाखवू लागली. मी भिंतीला टेकून पहिल्यांदा नीट पाहिला. तिथल्या कायद्यात घराला 'नवऱ्याचं घर' म्हणत. नवरा-बायको वेगळे झाले की बाईनं निघायचं, घर त्याचं. या बाईंनी त्यावर लिहिलं, त्या भांडल्या, आणि हुकूमशहा गादीवर असतानाच तो कायदा बदलून घेतला. तो बदलला तेव्हा टाळ्या पडल्या. माझ्या नारीशक्तीला एकही पडली नव्हती.

पुढच्या लघुपटातल्या शिक्षिकेला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं काढता येईना. बचत गटातली एकजण म्हणाली, आपलं बरं हाय की मग, आपली खाती हायत. तिच्या शेजारणीनं हळूच विचारलं, "आन् पासबुक कुणाच्या खिशात असतंय?"



शनिवारी ग्रामसभेला इतक्या बाया आल्या की चपलांनी पायऱ्या झाकल्या. मालक आले आणि सवयीनं खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीत, सवयीनंच, मी. सरपंचबाई खुर्चीजवळ येऊन थांबल्या. सगळे बघत होते.

मग गावातली सगळ्यांत थोरली आजी, आजवर ग्रामसभेत कधी न बोललेली, बसल्या जागेवरून म्हणाली, "मालक, सावली पडायलीय."

बाया हसल्या, मग गडी हसले, शेवटी मालकही. ते उठले. बाईंनी त्यांच्या खांद्यावरचा कालचाच टॉवेल ओढून घेतला, खुर्ची झटकली, टॉवेल त्यांच्या हातात परत दिला आणि बसल्या. पहिला विषय वाचताना आवाज कापत होता. पाण्याच्या टाकीचा विषय आला तोवर तो मागच्या भिंतीला जाऊन लागत होता.

मालकांना राहवेना. टाकीच्या जागेवरून ते मधेच बोलू लागले. बाईंनी वर न बघता सांगितलं, "हात वर करा, मग बोला."

मालकांनी हात वर केला. त्यांच्या मागोमाग मीही केला. मला खरं तर काहीच बोलायचं नव्हतं.