घासलेली फावडी

"ऐ, ते फावडं खाली ठेव. परेडचं आहे."

चाळीसच्या चाळीस फावडी मीच घासली होती. विटेचा भुगा, राख, लिंबू. तीन दिवस. परेडला एक उचललं, तर शिबिरप्रमुखानं सगळ्यांदेखत ते हातातून ओढून घेतलं. "तुझं मागे, संडासापाशी." ओळ हसली. घासायला माझे हात चालतात, धरायला चालत नाहीत.

जबलपूरबाहेर कॉलेजचं दहा दिवसांचं युवा श्रमशिबिर होतं. प्रमाणपत्र नाही तर बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही, अशी नोटीस. पहिल्याच दिवशी हजेरीत आडनावं ऐकून कामं वाटली. झेंडा, बँड, स्वयंपाक वरच्या जातींच्या आडनावांना. नाली आणि संडास आम्हा तिघींना. तिघी जबलपूरच्या गढा भागातल्या एकाच दलित वस्तीतल्या. योगायोग म्हणे!

शिबिरप्रमुख मराठीच. शहरातल्या बड्या लोकांच्या नेपियर टाउनचा, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचं घराणं मिरवणारा. हिंदीवाल्यांसमोर मला "आपली मराठी मुलगी" म्हणायचा. पाण्याच्या माठाला मात्र हात लावू द्यायचा नाही.

परेडच्या आदल्या संध्याकाळी त्याचं व्याख्यान झालं. हिटलरच्या जर्मनीत पोरं चमकती फावडी खांद्यावर घेऊन कशी चालायची, श्रमानं सगळे कसे एक झाले. टाळ्याच टाळ्या. मी इतिहासाची विद्यार्थिनी. हात वर केला.

"सर, त्यात ज्यूंची पोरं होती का?"

"काहून डोकं चालवून राहिली? इथे ऐकायचं फक्त."

मी खाली बसले. त्या बसण्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी फावडं काढून घेतल्यावर शपथ सुरू झाली. "आज्ञा हाच माझा विचार." सगळे एका सुरात. मी रिकाम्या हातांनी मागे उभी होते. ओरडले.

"मी नाही म्हणत! ज्यूंच्या पोरांना तिथं फावडं दिलंच नाही. बाकीच्यांना फावड्यानंतर बंदूक दिली. ती कोणावर चालली, तेही सांगा!"

दोघांनी दंड धरून मला फाटकाबाहेर काढलं.

काल प्राचार्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "माफी लिख दो बेटा, सर्टिफिकेट ले जाओ." घरी आई रडली. "लिहून दे ना वं. वर्ष वाया जाऊन राहिलं."

जाईल. मला ते वर्ष हवं होतं, खूप हवं होतं. पण माफी लिहिणार नाही. पुढचं शिबिर भरेल तेव्हा मी फाटकाबाहेर उभी असेन, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक पोरीला थांबवून सांगेन, आडनाव ऐकल्यावर तिथं काय होतं ते.