जहाजावरचा हातपंप

कलकत्त्याच्या बेहाला भागात आमचं घर तळमजल्यावर होतं, गल्लीपेक्षा एक पायरी खाली. भाद्रपदात पाणी आत यायचंच. तरी गौरीचं हळदीकुंकू दर वर्षी माझ्याकडेच असे. थेट बराकपूरहून मराठी बायका यायच्या. पन्नास सालच्या आसपास एकदा मात्र बैठकीच्या खोलीत घोटाभर पाणी राहिलं. बायकांनी निऱ्या उचलून गौरीला नमस्कार केला आणि फराळाला, गप्पांना समोरच्या घरी गेल्या. तिथे कोरडं होतं. समोरचीच्या नवऱ्याने विजेचा पंप आणला होता.

ती मराठीच, पण जन्मली कलकत्त्यातच. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मराठी बोलताना अडखळायची आणि तेही बायकांना गोड वाटायचं. मला नाही वाटायचं.

पुढच्या गौरीच्या आत याचा बंदोबस्त करायचा, असं मी ठरवलं. वहीत कोष्टक आखलं: किंमत, लागणारा वेळ, दुरुस्ती, किती वर्षं टिकेल. तिच्यासारखा विजेचा पंप घ्यावा तर यांचा दीड महिन्याचा पगार. बालद्यांनी उपसायला दोन मजूर लागतील, पण ऐन पावसात मिळतील तर शपथ! तिसरा पर्याय खिदिरपूरला सापडला. तिथे मोडीत काढलेल्या जहाजांचं सामान मिळे, त्यात एक पितळी हातपंप होता. मी दुकानदाराला पिंप भरायला लावलं, घड्याळ समोर ठेवलं आणि दांडा हलवून पाहिला. तीस हेलकाव्यांना एक बालदी.

“बहनजी, जहाज चलाना है क्या?” त्याने विचारलं.

घरी हे म्हणाले, “अगं, तिचाच पंप मागून घे. ती काय नाही म्हणणार आहे?”

“नाही म्हणणार नाही, म्हणूनच मागायचा नाही.”

गौरीच्या दिवशी सकाळीच पाणी आत आलं. हे अर्ध्या दिवसाने येऊन पाळी घेणार होते, पण ट्रामच बंद पडल्या. मी उंबऱ्याशी मातीचा बांध घातला, नळी मागच्या तळ्यात सोडली आणि एकटीनेच दांडा धरला. समोरची मोटर अर्धा तास घरघरली आणि थांबली. ती थांबल्यावर माझा हात आणखी जोरात चालायला लागला.

खिडकीतून हाक आली, “वहिनी, माझं झालं! पंप पाठवू?”

“नको. माझा आहे.”

“हात दुखेल ना पण!”

“सवय आहे मला.”

सवय कसली! पण हिशेब बरोबर निघाला. तीन तासांत फरशी दिसली. पाच वाजता बायका आल्या आणि माझ्याच जाजमावर बसल्या. मी कोयरी उचलली, ती हातातून निसटली. दोन्ही तळव्यांचे फोड फुटले होते, कुंकू लावायचं बोट सरळ होत नव्हतं.

तिने पुढे होऊन कोयरी घेतली. “तुम्ही बसा वहिनी, मी लावते.”

माझ्या घरात ती एकेकीला हळदीकुंकू लावत फिरली. बराकपूरच्या बाई म्हणाल्या, “किती गुणाची शेजारीण मिळाली हो तुम्हाला!”

“हो ना,” मी म्हटलं.

सगळ्यांत शेवटी तिने मला कुंकू लावलं, जरा वाकडंच. मी आरशात पाहिलं आणि तसंच राहू दिलं. कोष्टकात ‘माणसं किती लागतील’ असा एक रकाना वाढवला, आणि यांना पुढच्या गौरीची रजा आत्ताच मागायला सांगितली.