सुभद्रा बाजूला बसत नाही

लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर सुभद्रा परब खानावळ चालवायची. बावीस गिरणीकामगार तिच्या हातचं जेवत. बाई अंगानं रांजण. जिना चढली की कठडा कुरकुरायचा. पोर होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि तिला घेऊन तो मालवणकडं चालता झाला. तेव्हापासून चूल हाच हिचा संसार. छप्पनच्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्रासाठीच्या मोर्च्यांवर गोळीबार होत होता त्या दिवसांत, अश्रुधुराचं नळकांडं जिन्यात येऊन पडलं. सुभद्रानं ते फडक्यानं उचललं, पेजेच्या टोपात बुडवलं आणि पेज फुकट गेली म्हणून पोलिसांच्या सात पिढ्या उद्धरल्या.

खानावळवाल्या बाईला महिन्याचे चार दिवस बाजूला बसावं लागे. बदली बाई शोधा, तिच्या आमटीला नावं ठेवणाऱ्या पुरुषांची समजूत काढा. सुभद्राला तो जाच नव्हता. तरणीताठी असल्यापासून तिला कावळा शिवायचा तो वर्षातून दोनतीनदाच. शेजारची मालन जळायची, "नशिबाची गो तू! बारमाही चूल तुझी." सुभद्रालाही ते नशीबच वाटे. बावन्नाव्या वर्षी तेही थांबलं.

आणि चार वर्षांनी, सत्तावन्नच्या गणपतीत, पुन्हा डाग दिसला.

"देवीन परत ज्वान केल्यान तुका," मालन म्हणाली.

"ज्वान करूचा होता तर गुडघ्यापासून सुरू करूचा!"

चार दिवस ती रीतीप्रमाणे बाजूला बसली. उठली, तर सहाव्या दिवशी पुन्हा तेच. त्या रक्ताला तारीख नव्हती, वार नव्हता. बसायचं तरी किती दिवस? बावीस माणसं एकदा दुसऱ्या दारी जेवायला लागली की ती परत येत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं तोंड मिटलं, पहाटे सगळ्यांच्या आधी नळावर जाऊन रक्ताची धडपी धुतली आणि चार महिने रांधत राहिली. मग एके दिवशी मासे साफ करता करता डोळ्यांपुढं काळोख आला. तशीच उठली आणि परळला डॉक्टर ललिताबाईंकडं गेली.

ललिताबाईंनी सगळं विचारून घेतलं. "चार वर्षं बंद होतं? मग ही पाळी नव्हे, सुभद्राबाई. बंद झाल्यावर एक डाग दिसला तरी ती पाळी नसते. त्याच दिवशी यायचं होतं."

गर्भपिशवीतलं अस्तर खरवडून तपासायला पाठवलं. आठवड्यानं उत्तर आलं. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर.

"बाहेर पसरलेला दिसत नाही. आधी आत रेडियम ठेवून त्याच्या किरणांनी रोग जाळतील, मग पिशवी काढतील. पण आता थांबायचं नाही."

"पण माका कधी तरासच नव्हतो. वर्षाक दोनदा, तीनदा."

"तोच त्रास होता. बाईच्या अंगात दोन रस असतात, हार्मोन म्हणतात त्यांना. एक पिशवीचं अस्तर वाढवतो, दुसरा त्याला आवरतो आणि वेळेवर पाळी आणतो. तुमचा दुसरा कमी पडत असणार. अस्तर वर्षानुवर्षं नुसतं वाढत राहिलं. मूल झालं नाही तेही बहुधा त्यामुळंच. त्यात हे वजन, लघवीत साखर. अशा बायकांत हा रोग जास्त दिसतो. का, ते आम्हालाही अजून पुरतं उमगलेलं नाही."

सासूनं सुभद्राला वांझ म्हणून हिणवलं होतं, चाळीनं नशिबाची म्हणून वाखाणलं होतं.

"म्हणजे माझा पाप नाय, आणि नशीबय नाय."

"नाही. आजार."

"मगे लपवतंय कित्याक?"

रविवारी दुपारी बावीसही माणसं ताटांवर बसली. सुभद्रानं डाव हातात घेतला, पण वाढलं नाही.

"आधी आयका. चार महिने माझ्या अंगावरना रक्त जाता हा. पिशवीचो कॅन्सर हा. उद्या इस्पितळात जातंय. मालन रांधतली. मी परत इलंय की मी रांधतलंय."

म्हातारा कुशाबा साताऱ्याकडचा विणकर, अकरा वर्षं तिच्याकडं जेवणारा. त्यानं ताट सरकवलं. "चार म्हयनं? चार म्हयनं आमास्नी इटाळाचं खायाला घातलंस?"

"विटाळ नाय. रोग. तुझो अंगठो मागात चेपलो तेव्हा तुझाय रक्त व्हावत होता. पंगतीतसून कोणी उठवल्यान तुका?"

"त्ये येगळं."

"वेगळा कसा? थय लोखंडान, हय रोगान."

"बायांचं दुखणं पुरसांम्होरं बोलतीस, लाज न्हाई वाटत?"

"मोर्च्यात मुंबय आमची म्हणून बोंबललंय, तेव्हा लाज वाटली नाय. ह्या अंगय माझाच हा. ज्याका जावचा हा, त्यान जावचा. वाट मोकळी हा."

कुशाबा उठला. त्याच्यामागून आठ जण उठले. मग रघु, गिरणीच्या खात्यातला सगळ्यात तोंडाळ गडी, ओरडला, "मावशे, वाढ गो! रस्सो थंड होता हा."

तेरा जण जेवले.

इस्पितळात रेडियम आत असताना नर्सही किरणांच्या धाकानं लांबूनच बोलायची. "शेवटी बाजूला बसवलातच माका," सुभद्रा म्हणाली आणि ऑपरेशनचे टाके पडायच्या आत हसून घेतलं. पुढं पिशवी काढली. साखरेसाठी पथ्य लावलं, ते तिनं शिव्या देत पाळलं.

एप्रिलात ती परत चुलीपुढं बसली. पहिल्याच दुपारी दारात कुशाबा उभा. मान खाली, हातात ताट.

"काय व्हया?"

"जेवान."

"आधी इचार."

"काय इचारू?"

"माका काय झालेला, आता बरा हा काय, ता इचार. हय, सगळ्यांसमोर."

पंगत हात थांबवून बघत राहिली. कुशाबाच्या कानशिलावर घाम फुटला.

"सुभद्राबाय," तो शेवटी म्हणाला, "तुज्या... पिशवीचं दुखणं... आता बरं हाय न्हवं?"

"काढून टाकली. डाक्टर म्हणता, वरसभर बघूया," सुभद्रा म्हणाली. "बस. भात गरम हा."